सुकवणीच्या खोलीतली म्हातारी

२२ सप्टेंबर १९९७, सोमवार

माझं सगळं बदललं ते अकरा दिवसांपूर्वी, गुरुवारी सव्वाबाराला, कॉलेजच्या दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात. एक पोरगा सुचित्राच्या ओढणीवरून काहीतरी फालतू बोलला आणि मी त्याला ढकललं. चौदा पायऱ्या. कोपरापाशी हात मोडला त्याचा, आवाज आला. मी वळून सुचित्राकडे बघितलं, वाटलं खूश असेल. ती भिंतीला चिकटून उभी होती आणि माझ्या हातांकडे बघत होती. माझ्याकडे नाही. हातांकडे.

कॉलेजने काढायच्या आत मीच सोडलं. एस.वाय. अर्धवट. बापू वाशीच्या मार्केटात पाठीवर गोणी वाहतात, ते एवढंच म्हणाले की आता तूही पाठ तयार कर. सुचित्राने तोडलं मात्र नाही. अट घातली. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत कुठल्याही माणसावर हात उचलायचा नाही आणि एका जागी टिकून काम करायचं. जमलं तर ती स्वतः तिच्या वडिलांशी बोलणार. नाही जमलं तर तिच्या वाटेला पुन्हा जायचं नाही. एकोणचाळीस दिवस. च्यायला, एकोणचाळीस वर्षं सांगितली असती तरी हो म्हणालो असतो.

म्हणून ही वही. आणि म्हणून आज पावणे गावात, झहूरशेठच्या फळांच्या पेट्यांच्या कारखान्यात पहिला दिवस. एकदम मजेत गेला. पुढे करवत आणि ठोकाठोकी, मागे विटांची बुटकी खोली. तिला सुकवणीची खोली म्हणतात. ओल्या लाकडाची पेटी केली की फळाला बुरशी धरते, म्हणून फळ्या आधी इथे रचून शेकतात. मधोमध शेगडी. शेगडी म्हणजे आपली घरातली नाही. बिडाची, माझ्या छातीइतकी उंच, चार वाकडे पाय, दाराला अभ्रकाची खिडकी, वर पत्र्यातून बाहेर गेलेलं धुराडं. शेठ म्हणाले ती मोडीत निघालेल्या कुठल्याशा बोटीवरची आहे, त्यांच्या वडिलांनी दारूखान्यातून, जुन्या बोटी तोडतात त्या बंदरातून, आणली, तुझ्या-माझ्या दोघांच्या वयाची बेरीज केलीस तरी तिचं जास्त भरेल. शेठ म्हसळ्याकडचे, बोलणं गोड, कपाळाला आठी नाही.

ती सांभाळायचं काम माझं. शिकवणारे सितारामकाका, करावे गावचे. आधी खाडीत जाळी टाकायचे, मग वीस वर्षं हिच्यापुढे. ते तिला म्हातारी म्हणतात. मला म्हणाले, पोरा, ही म्हातारी हाय, हिला खायला घालायचं पन डिवचायचं नाय.

२३ सप्टेंबर

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, तिच्यासमोर उलटी पेटी टाकून. आत एकसारखा जाळ आहे. ऊब छान लागते, अंगावर कुणी शाल टाकल्यासारखी.

आज धडे. दोन लाकडं एकमेकांवर आपटून बघायची. टणटण वाजलं तर सुकं, थप वाजलं तर ओलं. ओलं जाळलं की धुराड्यात डांबरासारखं काळं चकचकीत जमतं आणि एक दिवस तेच पेट घेतं. रंगाची फळी, प्लायवूड, हिरवट औषध लावलेलं लाकूड हिच्या तोंडात जायचं नाही, विषारी धूर येतो. सकाळी राख काढायची, पण सगळी नाही, बोटभर थर ठेवायचा म्हणजे जाळीला आच लागत नाही. राख झाकणाच्या डब्यात, बाहेर, कारण राखेत निखारा दोन दोन दिवस जिवंत राहतो. दाराच्या कडेला ॲस्बेस्टॉसची दोरी असते. दारात कागद धरून दार लावायचं आणि कागद ओढायचा. अलगद निघाला तर दोरी गेली.

मी म्हटलं, काका, एवढं तर बायकोलापण कुणी जपत नाही. ते म्हणाले, म्हनून तर त्या पेटतान.

२५ सप्टेंबर

काल पावणे नाक्यावरच्या पीसीओतून फोन केला. बुधवारी चारला, सुचित्राच्या मैत्रिणीच्या, ज्ञानेश्वरीच्या घरी. तेवढंच ठरलंय, आठवड्यातून एकदा. सुचित्राने पहिलं काय विचारलं असेल? हात. म्हणाली, हात नाही ना उचललास? मी म्हटलं, उचलतो की, लाकूड टाकायला. हसली. ते हसू अजून कानात आहे.

तिला पत्रं लिहितो पण पाठवता येत नाहीत, म्हणून शेगडीत टाकतो. त्यात सगळं प्रेमच असतं असं नाही. डोकं फिरलेलं असतं तेव्हा त्या जिन्यातल्या पोराबद्दलपण लिहितो, आणखी काय काय करायला हवं होतं ते. लिहिलं, जाळलं, की डोकं शांत. काकांनी बघितलं तर ओरडले. कागदाची जळकी पानं उडून धुराड्यात चिकटतात म्हणे.

आज मोठं महत्त्वाचं शिकलो. धुराड्याला एक झडप आहे. दार उघडायच्या आधी झडप पूर्ण उघडायची, नाहीतर आत कोंडलेला जाळ तोंडावर येतो. आणि झडप बंद करून खोलीत बसायचं नाही, कधीच. काका म्हणाले, धूर बरा, तो दिसतो, खोकला तरी येतो. त्याच्यासोबत दुसरा एक असतो, त्याला ना रंग ना वास. डोकं दुखतं, झोप येते, आनि मानूस उठत नाय. म्हणून खिडकी चार बोटं उघडी.

आणि पाणी. तापलेल्या बिडावर पाणी पडलं की संपलं. लोखंड वाकतं, बीड वाकत नाही, तडकतं. हे त्यांनी तीनदा सांगितलं.

३ ऑक्टोबर

आज टेन्शन झालं. पेट्या न्यायला टेम्पो आला, त्यातून उतरला कोण, तर श्यामसुंदर. सुचित्राचा थोरला भाऊ. मार्केटात फळाच्या गाळ्यावर मेहताजी आहे. मला बघून आधी थांबला, मग सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, काय दाजी, इथे कोळसे होताय का? आमच्याकडे जिने आहेत, या एकदा, बघू कोण कुणाला ढकलतं. पोरं हसली. शिवा सगळ्यात जास्त. शिवा म्हणजे ठोकाठोकीवरचा, तोंडात कायम खिळे नाहीतर विडी.

माझी नखं तळहातात रुतली. रक्त आलं. पण हात खाली ठेवला.

मागे जाऊन कुऱ्हाडीने लाकडं फोडली, किती ते आठवत नाही. मग त्याला काय करेन ते चार पानं लिहिलं. कसं आडवं पाडेन, तोंडात राख कशी कोंबेन. म्हातारीने चारही पानं एका घासात खाल्ली.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी

चूक झाली. कुणाला सांगता येणार नाही म्हणून इथे लिहितो.

आज हत्यारांची पूजा. करवत, रंधे, हातोडे, सगळं धुऊन झेंडू वाहायचा, हळदकुंकू लावायचं, आणि प्रत्येक मशीनवर नारळ फोडायचा. काका बहिणीकडे गेलेत. जाताना बजावून गेले होते की आदल्या दिवशीच म्हातारीला विझवून थंड कर, मग पूजा. पण डाळिंबाच्या पेट्यांची घाई होती, फळ्या ओल्या होत्या. मला वाटलं शेठ खूश होतील. विझवलंच नाही.

शिवाने नारळ हातात दिला. म्हणाला, काय हिरो, तुझी म्हातारी राहिली, तिच्यावर तू फोड. सगळे बघत होते. मागच्या वर्षीपण फोडला होता म्हणे, दरवर्षी फोडतात. थंड असते तेव्हा फोडतात, हे त्या क्षणी डोक्यातच आलं नाही. वरच्या कडेवर मारला. पाणी पसरलं. आधी चर्र झालं, वाफेचा लोट. मग टण्ण.

आणि त्या टण्णमध्ये आणखी एक आवाज होता. कुणीतरी दचकून श्वास आत ओढावा तसा. बाईने.

वाफ गेल्यावर दिसलं. वरच्या कडेपासून दाराच्या वरच्या बिजागरीपर्यंत तडा. केसाएवढा. पोरं प्रसाद खायला पुढे गेली होती. मी त्यावर शेगडीला लावायची काळी पावडर चोळली, वर हळदकुंकवाचा पट्टा ओढला. काकांना कळलं तर शेठना कळेल, शेठना कळलं तर काम जाईल, आणि काम गेलं तर एका जागी टिकला नाही असं होईल. एकवीस दिवस राहिलेत फक्त.

१३ ऑक्टोबर

डोकं ठणकतंय, दोन्ही कानशिलं. तीन दिवस झाले.

भट्टीची माती, मीठ, लोखंडाचा कीस कालवून तड्यात भरलं. हे मिश्रण काकांनीच कधीतरी दाखवलं होतं. छान बसलं. आज सकाळी येऊन बघतो तर सगळं जमिनीवर. तुकडे पडलेत, एका ओळीत, आणि प्रत्येकाला मुळासारखं टोक. दातासारखे. झाडून राखेच्या डब्यात टाकले.

पुन्हा भरतोय. काकांना म्हटलं, हळदीचा पट्टा पुसू नका, बापूंचा नवस आहे. च्यायला, देवाच्या नावाने खोटं बोललो. काकांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

१५ ऑक्टोबर

फोन झाला. सुचित्रा खुशीत होती. म्हणाली, निम्मे दिवस गेले, आता मी वडिलांना हळूहळू सांगायला घेते. मला आनंद व्हायला हवा होता. पीसीओच्या काचेत माझं तोंड दिसलं, डोळे लाल.

परत आलो, पेटीवर बसलो. जाळ एकसारखा होता. तड्यातून बारीक फुसफुस येत होती, हवा आत ओढते तेव्हा येते तशी. मग ती फुसफुस शब्दांसारखी झाली. मी कान जवळ नेला. माझंच वाक्य. श्यामसुंदरबद्दलचं, तिसऱ्या पानावरचं, राखेचं. शब्द न शब्द. आवाज मात्र माझा नव्हता.

खिडकी उघडली. नाक्यापर्यंत चालत जाऊन आलो.

१७ ऑक्टोबर

शिवा भाजला.

झालं असं. सकाळपासून तो चिडवत होता. ठोकताना प्रत्येक खिळ्याला सुचित्राचं नाव घेत होता, सुचि–त्रा, सुचि–त्रा, हातोडीच्या तालावर. कुठून कळलं त्याला, श्यामसुंदरने सांगितलं असणार. मी आत येऊन बसलो. तड्यातून आवाज आला, ह्या वेळी सरळ, सुचित्राच्या आवाजात. हात नको उचलू हं. तेवढंच. अगदी मायेने.

मी हात उचलला नाही. मी फक्त झडप बंद केली. लाकूड वाचावं म्हणून. खरंच लाकूड वाचावं म्हणून.

तो विडी पेटवायला आत आला, नेहमी येतो. मी बघत होतो. त्याने शेगडीच्या दाराची कडी काढली. मला ओरडता आलं असतं. जाळ बाहेर आला तो माणसाएवढा, आणि त्याच्या तोंडावर बसला. दोन्ही हात, भुवया, ओठ. खिळे तोंडातच होते त्याच्या, तापलेले. तो जे ओरडला ते मला लिहिता येत नाही. मीच त्याच्यावर गोणपाट टाकलं, मीच रिक्षात घातला. शेठ म्हणाले, रणजीत, तू होतास म्हणून वाचला.

काकांनी झडपेकडे बघितलं. मग माझ्याकडे. विचारलं, कोनी लावली? मी म्हटलं, माहीत नाही.

आणि एक गोष्ट. तो ओरडत होता तेव्हा मला बरं वाटत होतं. डोकं दुखायचं थांबलं होतं.

२० ऑक्टोबर

काकांना कळलं.

आज तिला विझवून थंड केलं, त्यांनीच करायला लावलं. दुपारी खोलीच्या खिडकीला पोतं लावून अंधार केला, तिच्या पोटात कंदील ठेवून दार लावलं आणि अभ्रकावर फडकं बांधलं. बीड धड असेल तर उजेड बाहेर येत नाही. आला. हळदीच्या पट्ट्यातून, वरपासून खालपर्यंत, लाल रेघ. मी केसाएवढा म्हटलं होतं ना. आता बोट जाईल एवढा, आणि बिजागरीखाली वळून पार पायापर्यंत गेलाय. वाकडा. हसल्यासारखा.

मी सगळं सांगितलं. नारळ, पाणी, पट्टा. आवाजाचं सोडून. काका चिडले नाहीत. थोडा वेळ खाली बसले. म्हणाले, वीस वर्सं जेवलो हिच्यावर. म्हातारी मेली, पोरा, त्याच दिवशी. आता ही रिकामी हाय, आनि रिकाम्या घरात कोनपन येऊन बसतं. मग मला म्हणाले, दहा दिस झाले, तुझं डोकं दुखतं ना? ती तुला मारते. उद्या धुराडं उतरवू, परवा घनाने फोडू, शेठला मी सांगतो, चूक माझी म्हनून सांगतो. तुझं काम नाय जाऊ देनार.

माझी चूक स्वतःवर घेणार होते.

मी रडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला.

२१ ऑक्टोबर

काका गेले.

धुराडं उतरवायला पत्र्यावर चढले. शिडी मी धरली होती. मी धरली होती. सकाळचे दहा, लख्ख ऊन. म्हातारी थंड होती, कालपासून विझलेली, आत राखसुद्धा नव्हती. तरी धुराड्यातून ऊब येत होती. काका वरून म्हणाले, गरम कसं लागतं रे? आणि माझ्या पायाशी, भिंतीच्या आतून, तो आवाज. हात नको उचलू हं.

मी उचलला नाही.

मी सोडला.

दोन्ही हात. शिडीवरून. असे बाजूला घेतले, तळवे वर. ते वाकून खालच्या पायरीवर पाय टाकत होते.

खाली लोखंडी पट्ट्यांचा ढीग होता. आवाज जिन्यातल्यासारखाच. फक्त मोठा. डोळे उघडे होते त्यांचे. माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या हातांकडे.

२२ ऑक्टोबर

करावे गाव लोटलं होतं. त्यांची बहीण माझ्या गळ्यात पडली, म्हणाली शेवटी तूच होतास ना जवळ. मी हो म्हटलं.

चारला फोन. सुचित्राला सगळं कळलं होतं, भावाकडून. ती रडत होती. म्हणाली, एवढं सगळं झालं, आणि तू एकदाही हात उचलला नाहीस. मी वडिलांशी बोलले, रणजीत. ते नाही म्हणाले नाहीत.

रिसीव्हर ठेवल्यावर मला हसू आलं. थांबेना. पीसीओवाला बघायला लागला.

२४ ऑक्टोबर

शेठ म्हणाले दिवाळीचा माल जाऊ दे, मग ही शेगडी मोडीत, विजेचा हीटर आणू. पाच-सहा दिवस सांभाळ. मी म्हटलं शेठ, आजच फोडा, हात जोडतो. म्हटलं की नाही? म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, सांभाळतो.

पेटवली. एका काडीत पेटली. ओलं लाकूड होतं तरी.

२५ ऑक्टोबर

घन घेतला. उचलला. माणसावर नाही, बिडावर, ते चालतं. मारणारच होतो. तड्यातून दिसलं – आत जाळ नव्हता. आत जिना होता. चौदा पायऱ्या. खालून कुणीतरी वर बघत होतं, हात कोपरातून उलटा –

घन खाली ठेवला. अलगद. झोपलेल्या पोराला ठेवतात तसा.

२६ ऑक्टोबर

डोकं. भिंती मऊ लागतात. खिडकी मी बंद केली का? बंद आहे. उघडली. परत बघतो तर बंद.

पळून जावं. कोपरखैरण्याला घरी, बापूंजवळ. बस समोरून जाते. पण गेलो तर टिकला नाही. पाच दिवस. सुचित्रा. पाच –

२७ ऑक्टोबर

ती आता सगळा वेळ बोलते. माझीच पानं. क्रमाने. जिन्यातला पोरगा, मग श्यामसुंदर, मग श्यामसुंदर, मग –

पानं मी दोनच जणांवर लिहिली होती. तिच्याकडे जास्त आहेत. काकांचं आहे. बापूंचं आहे. सुचित्राचं एक आहे. अक्षर माझं. मी लिहिलेलं नाही. आठवत नाही. सुचित्राला काय काय करेन ते –

नाही.

नाही नाही.

२८ ऑक्टोबर

ठरलं. उद्या मालाचा शेवटचा टेम्पो. तो गेला की विझवायची, बाहेर पडायचं, शेठना किल्ली द्यायची. पाडव्याला तिच्या घरी. हात स्वच्छ. एवढं जमेल. एक दिवस फक्त. एक दिवस कुणीही आत यायला नको –

२९ ऑक्टोबर, बुधवार, साडेचार

श्यामसुंदर आलाय. त्याला ताप आहे, दात वाजतायत. म्हणाला, पोरं टेम्पो भरेपर्यंत जरा आत उबेला बसतो. मी नको म्हटलं. दोनदा म्हटलं. तो म्हणाला, अरे चल, तुला सांगायचंय काहीतरी, आणि आत येऊन पेटीवर बसला. माझ्या पेटीवर.

हसला नाही ह्या वेळी. म्हणाला, माझं चुकलं रे त्या दिवशी. म्हणाला, बाबांनी पाडव्याला बोलावलंय तुला, जेवायला, आईने सांगितलंय उपाशी पोटी ये. सुचित्रा बाहेर गेटजवळ रिक्षात बसलीय, ऐकतच नव्हती, म्हणाली मीच सांगणार. पण मी आधी सांगून टाकलं. ओरडेल आता मला. आणि म्हणाला, दाजी. साधं. घरच्यासारखं.

मला सगळं ऐकू आलं. सगळं कळलं. जिंकलो मी. पाडवा, ती, सगळं –

आणि आतून काही विझेना.

चार पन्नास

तो गप्प झालाय. डोकं दुखतंय म्हणाला. मग म्हणाला, जरा डोळे मिटतो. भिंतीला टेकलाय. कपाळावर घाम. चेहरा सुचित्रासारखा आहे, हनुवटी अगदी. कधी बघितलंच नव्हतं.

झडप बंद आहे. मी केली. कधी ते –

खिडकी पण.

उघडायला हवी. हात दोनदा नेला. नेला की ती म्हणते, नको उचलू हं.

चार पंचावन्न

हाक मारली. श्यामसुंदर. श्यामदादा. उठत नाही. छाती हलतेय. अजून हलतेय. खांद्याला धरून ओढलं की झालं, पाच पावलं, बाहेर हवा आहे. पाच पावलं फक्त. मी दारात उभा राहून लिहितोय. लिहिणं सोडून ओढ ना रे, ओढ –

पाय वळत नाहीत आत. बाहेर वळतात.

शपथ, मी त्याला मारलं नाही. बोटसुद्धा लावलं नाही.

पाच

गेटवरून सुचित्रा. हाक मारतेय. रणजीत, दादा कुठाय रे?

आलो. आलाच म्हणून सांगतो. वही खिशात टाकतो आता. हात पुसले. तड्यात उजेड केवढा –

पुन्हा हाक.

जातो. बाहेर पडलो. दार ओढून घेतो, ऊब जाऊ नये म्हणून.